सुयांचा डबा

सुयांचा डबा म्हटले की वाचणाऱ्या भगिनींना शिवणाचा डबा आठवेल. आमचा डबा गॅरेजमध्ये असतो. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचे चित्र केव्हाच पुसून गेलेले. आत बोटाच्या दोन पेरांएवढ्या पितळी सुया आहेत, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या. अब्बांनी चाळीस वर्षांत जमवलेल्या. त्यातली एक सुई मी घाईत चुकीच्या जागी बसवली. त्यापायी एका भल्या माणसाचे पैसे गेले, त्याच्या गाडीचे इंजिन जाता जाता वाचले, आणि अब्बा व मी तीन महिने एकमेकांशी कामापुरतेच बोललो. त्याची ही हकीकत.

अब्बा १९६३ साली खेड तालुक्यातून मुंबईला आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये आधी गाड्या धुतल्या, मग उस्तादाच्या हातात पाने उचलून दिले, मग कुठे नटाला हात लावायची परवानगी मिळाली. त्यांची सगळी तालीम ॲम्बॅसिडर आणि फियाट या दोन गाड्यांवर झाली. पुढे स्वतःचे लहानसे गॅरेज झाले. ऐंशीच्या दशकात एके दिवशी तिथे हिरव्या रंगाची, दोन माणसांची, कापडी छपराची एक गाडी येऊन उभी राहिली. एमजी बी. इंग्लंडातल्या ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या बनल्या. ही १९६६ सालची. कुणा परदेशी वकिलातीतल्या साहेबाने आणलेली आणि जाताना इथेच सोडलेली. अशा गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. तिथून ती आमच्या डॉक्टरसाहेबांच्या वडिलांनी घेतली होती.

मी तेव्हा शाळकरी होतो. अब्बांनी बॉनेट उघडले आणि हसले. म्हणाले, "ही तर आपल्या ॲम्बॅसिडरची चुलत बहीण!" ते खरेच होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने बी सिरीज नावाचे एक इंजिन काढले, त्याचेच १४८९ सीसीचे रूप आपल्या जुन्या ॲम्बॅसिडरमध्ये आणि १७९८ सीसीचे रूप एमजी बीमध्ये. फरक इतकाच, की ॲम्बॅसिडरला एक कार्बोरेटर आणि हिला दोन. शेजारी शेजारी बसलेले, पितळी टोप्या घातलेल्या दोन सुरयांसारखे. अब्बा त्यांना "जोडी" म्हणत.

ज्यांनी कार्बोरेटर पाहिलेला नाही (आता नव्या गाड्यांत तो नसतोच) त्यांच्यासाठी दोन शब्द. पेट्रोल नुसते ओतून इंजिन चालत नाही. ते हवेत मिसळावे लागते, आणि तेही प्रमाणात. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे पंधरापट हवा लागते. स्वयंपाकघरातली शेगडी आठवा. हवा बरोबर मिळाली की ज्योत निळी. हवा कमी पडली की पिवळी, आणि भांड्यांची बुडे काळी. इंजिनाचेही तसेच. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर आणि काळे प्लग, कमी झाले तर इंजिन तापते, ठसकते, दम तोडते. हे प्रमाण गाडी उभी असताना, चढावर, सिग्नलवरून सुटताना, दर क्षणी सांभाळायचे काम कार्बोरेटरचे.

एमजीवरचे कार्बोरेटर एस. यू. नावाचे. याची एक गंमत अब्बांना त्यांच्या उस्तादाने सांगितली होती आणि ती खरी निघाली. एस. यू. म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर घराण्याचा लंडनमध्ये जोड्यांचा धंदा होता. त्या घरातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनरने १९०५ साली या कार्बोरेटरचे पेटंट घेतले. पहिल्या नमुन्यांत वरखाली होणारा भाता चक्क चामड्याचा होता. पुढे चामडे गेले आणि धातूचा पिस्टन आला, पण कल्पना तीच राहिली. इंजिन जितकी हवा ओढेल तितका पिस्टन वर उचलला जातो. पिस्टनच्या तळाला ती निमुळती सुई लावलेली असते, तिचे टोक खाली पेट्रोलच्या जेटमध्ये. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग जेटमध्ये येतो, भोवतीची फट वाढते, पेट्रोल जास्त येते. खाली आला की कमी. म्हणजे इंजिनाची भूक वाढली की घास वाढतो, भूक कमी झाली की घास कमी. यात ना विजेचे काम ना पंपाचे. फक्त ती सुई बरोबर हवी. सुईच्या दांड्यावर बारीक आकडा किंवा अक्षरे कोरलेली असतात. वाचायला भिंग लागते.

मूळ गोष्टीकडे येतो.

साताठ वर्षांपूर्वी अब्बांना ऐकू कमी येऊ लागले. मेकॅनिकचे कान म्हणजे त्याची रोजीरोटी. जोडी लावताना एक रबरी नळी कानाला लावून दुसरे टोक आधी एका, मग दुसऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि हवेची फुस्स ऐकून दोन्ही सारख्या करायच्या, ही आमच्याकडची रीत. अब्बा नळी न लावताही सांगत, "मागचा जास्त ओढतोय." तेच अब्बा आता हॉर्न वाजला तरी मागे वळेनासे झाले. कानाचे यंत्र आणले, पण गॅरेजच्या कलकलाटात ते काढून खिशात ठेवत. हळूहळू गॅरेज माझ्याकडे आले. मला वाटले, आता मी उस्ताद झालो.

त्याच सुमारास डॉक्टरसाहेबांची गाडी सर्व्हिसला आली. पुढच्या कार्बोरेटरची सुई वाकलेली दिसली. संध्याकाळची वेळ, साहेबांना दुसऱ्या दिवशी लोणावळ्याला जायचे होते. मी डब्यात हात घातला, तशीच दिसणारी सुई काढली आणि बसवली. आकडा वाचला नाही. त्याच वेळी पिस्टनवरची स्प्रिंगही गंजलेली म्हणून बदलली. गाडी सुरू झाली, चालली, गेली. मी विसरलो.

तेव्हापासून गाडीचे नखरे सुरू झाले. स्लो कधी एकसारखा बसेना. सिग्नलला उभी राहिली की थरथरे. दोन प्लग काळे, दोन ठीक. मी दर वेळी पुढच्या-मागच्या नटांशी खेळून थोडे जमवून देई. डॉक्टरसाहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि म्हणाले, "आता ही गाडी रोज चालवायची आहे. एकदाच काय तो खर्च करू. कार्बोरेटर बदलायचे असतील तर बदला."

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. जुनी जोडी खोलून दुरुस्त करायची. किंवा नवी जोडी मागवायची, एस. यू. इंग्लंडमध्ये आजही नवे बनतात. किंवा जोडी काढून तिच्या जागी एकच मोठा वेबर लावायचा.

वेबर हे नाव मोटारींच्या शौकिनांमध्ये मोठे आहे. एदुआर्दो वेबर यांनी १९२३ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात हा कारखाना काढला. फेरारीच्या गाड्यांवर वेबर असत. आडवा, दोन गळ्यांचा, चकचकीत, वर पितळी रणशिंगासारखी तोंडे. बॉनेट उघडले की बघणारा 'वाहवा' म्हणतोच. कुर्ल्याच्या एका दुकानदाराकडे शर्यतीच्या गाडीवरून उतरलेला एक ४५ नंबरचा वेबर पडला होता. "माल असली है," तो म्हणाला, आणि माल असलीच होता. हा मला हवाच होता. डॉक्टरसाहेबांच्या गाडीला हवा होता की नाही हे मी स्वतःला विचारले नाही. त्यात मला चार पैसे सुटणार होते, हेही लपवत नाही.

अब्बा त्या दिवशी गॅरेजमध्ये खुर्चीवर बसले होते. मी साहेबांना वेबरचे फायदे सांगत होतो. हातवाऱ्यांवरून त्यांना विषय कळला असावा. म्हणाले, "गाडी शर्यतीत पळवायची आहे का?"

मी डॉक्टरसाहेबांकडे वळून हसत म्हणालो, "अब्बांचा जमाना गेला, साहेब."

मला वाटले त्यांना ऐकू जाणार नाही. पण त्या दिवशी यंत्र कानात होते.

वेबरला दोष देऊ नका, तो उत्तम कारागिरीचा नमुना आहे. पण त्याचा स्वभाव एस. यू.च्या उलट. एस. यू.चा गळा इंजिनाच्या श्वासाप्रमाणे आपोआप लहानमोठा होतो. वेबरचा गळा ठरलेला. आत व्हेंचुरीची एक नळी बसवतात, तिचे माप इंजिन पाहून आधीच निवडायचे. जेटही तसेच. जेटवर १६५ लिहिले असेल तर भोक १.६५ मिलिमीटरचे. हवेचे जेट वेगळे, स्लोचे वेगळे, पिकअपच्या पंपाचे वेगळे. माझ्या वेबरमध्ये व्हेंचुरी होती ३८ मिलिमीटरची, वर जेटही शर्यतीच्या इंजिनाचे. साध्या इंजिनाला, तेही मुंबईच्या गर्दीत दीड-दोन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्याला, एवढा मोठा गळा म्हणजे लहान मुलाने जाड बांबूतून सरबत ओढण्यासारखे. हवेला वेगच येत नाही. वेग नाही तर पेट्रोल नीट उडत नाही, थेंबाथेंबाने गळते.

गाडी तीन हजारांच्या वर गेली की अशी काही गरजायची की मी खूश. पण ती वेळ महिन्यातून एकदा. एरवी सिग्नलवरून सुटताना झटका, मग ठसका, मग एकदम उडी. पेट्रोलचा वास इतका, की डॉक्टरसाहेबांच्या बेगमांनी गाडीत बसणे सोडले. मी जेट बदलत राहिलो. प्रत्येक वेळी वेगळा नंबर मागवायचा, पंधरा दिवस थांबायचे, मग तो बसवून पुन्हा तेच. डॉक्टरसाहेब एका शब्दाने बोलले नाहीत. जन्मभर रडणाऱ्या पोरांना तपासलेला माणूस, संयम मोठा. त्यांचे ते न बोलणेच मला जास्त लागत होते.

एका दुपारी अब्बा असरच्या नमाजनंतर गॅरेजमध्ये आले. गाडी उभी होती. त्यांनी बॉनेट उघडले, वेबरकडे पाहिलेही नाही. ऑइलची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून काढली. नाकाशी धरली. मग पट्टी माझ्यासमोर बाकावर ठेवली आणि घरी निघून गेले.

ऑइल वरच्या खुणेच्याही वर आले होते, आणि पाण्यासारखे पातळ. पेट्रोलचा वास येत होता. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन खाली उतरत होते. आणखी महिनाभर गाडी तशीच चालली असती तर रिंग आणि बेअरिंग दोन्ही गेले असते. साठ वर्षे जपलेले इंजिन मी सहा महिन्यांत खाल्ले असते.

त्या रात्री जेवण गेले नाही. सकाळी ऑइल बदलले, वेबर उतरवला आणि डॉक्टरसाहेबांना फोन केला. म्हणालो, "साहेब, माझी निवड चुकली. जुनी जोडी मी परत उभी करून देतो. मजुरी घेणार नाही आणि वेबरचे पैसे परत करतो." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सामानाचा खर्च मी देईन. घाई करू नका."

जुनी जोडी माळ्यावर होती, पण कशी! काढताना मी दोन्ही कार्बोरेटर खोलून एकाच टोपलीत टाकले होते. इथे एक गोष्ट सांगायला हवी. एस. यू.चा पिस्टन आणि त्याची टोपी कारखान्यात एकमेकांना जुळवून दिलेली असते. दोघांमध्ये केसाएवढी फट. याची टोपी त्याला घातली की मेळ बिघडतो. वरून दोन्ही सारखीच दिसतात. कोणते कोणाचे हे आता कोण सांगणार?

मी टोपली घरी घेऊन आलो. अम्मींनी आधी कुरकुर केली, मग जुने वर्तमानपत्र पसरून दिले. रॉकेलमध्ये धुऊन सगळे भाग टेबलावर मांडले. अब्बा आपल्या खुर्चीतून पाहत होते. तीन महिन्यांत पहिल्यांदाच उठून माझ्या शेजारी येऊन बसले. एक टोपी उचलली, तिच्यात पिस्टन घातला, पिस्टनची हवेची भोके बोटाने बंद केली, उलटे धरले आणि माझ्या मुलीला म्हणाले, "घड्याळ लाव."

ही कसोटी मला माहीत होती, पण मी ती किती वर्षांत केली नव्हती. भोके बंद करून टोपी पिस्टनवरून आपल्या वजनाने घसरू द्यायची. या मापाच्या एस. यू.ला पाच ते सात सेकंद लागले पाहिजेत. लवकर घसरली तर फट जास्त, अडकली तर घाण किंवा ठोका. मुलीने मोबाइलवर सेकंद मोजले. पहिली टोपी तीन सेकंदांत आली. दुसरी मधेच अडकली. अब्बांनी पिस्टन बदलले. साडेपाच. दुसरी, सहा. मुलगी ओरडली, "दादाजान, जुळले!" अब्बांना ते ऐकू गेले नाही, पण तिने दाखवलेला आकडा त्यांनी वाचला. त्यांनी लगेच नेलपॉलिश मागितले. एका जोडीवर एक ठिपका, दुसरीवर दोन. बारावीच्या अभ्यासाच्या टेबलावर नेलपॉलिश सापडले म्हणून अम्मी नातीला बोलल्या, तो विषय वेगळा.

मग अब्बांनी सुया काढल्या, भिंग घेतले. मागच्या सुईवर ५ होते. या इंजिनाला कारखान्याने दिलेला आकडा तोच. पुढच्या सुईवर ६. ही जास्त पेट्रोल देणारी सुई. त्यांनी स्प्रिंगा पाहिल्या. एकीवर लाल रंगाची खूण, दुसरीवर निळी. लाल साडेचार औंसांची, या गाडीची. निळी अडीच औंसांची, म्हणजे पिस्टन लवकर उचलला जाणार. एका इंजिनावर दोन वेगवेगळे कार्बोरेटर! दोन चमच्यांनी मीठ घालणाऱ्या दोन सुना एका पातेल्यावर उभ्या केल्यासारखे.

मला ती संध्याकाळ आठवली. लोणावळा, घाई, डब्यातला हात. म्हणजे जोडी कधी बिघडलीच नव्हती. जिला मी म्हातारी ठरवून उतरवले, तिला आजारी मीच केले होते. मी अब्बांकडे पाहिले. त्यांनी भिंग खाली ठेवले आणि विचारले, "तू?"

मी मान हलवली.

"साहेबांना सांग," एवढेच म्हणाले.

सांगणे अवघड गेले. निवड चुकली हे सांगणे सोपे असते, त्यात आपली हौस लपवता येते. निष्काळजीपणा सांगताना जीभ जड होते. मी दवाखान्याच्या जुन्या खोलीत जाऊन सांगितले. डॉक्टरसाहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "मीही एकदा घाईत चिठ्ठीवर चुकीचा आकडा लिहिला होता. औषधवाल्याने पकडला म्हणून वाचलो." मग चहा मागवला.

नवी जोडी घ्यायची की जुनीच उभी करायची, हा प्रश्न मात्र अजून होता, कारण दुसरा दोष माझा नव्हता, वयाचा होता. थ्रॉटलचा स्पिंडल ज्या भोकात फिरतो ते भोक साठ वर्षांत झिजून लंबुळके झाले होते. तिथून हवा आत शिरते, आमच्या भाषेत गाडी 'एअर घेते'. इंजिन चालू असताना तिथे थोडा स्प्रे मारला आणि फेरे बदलले की समजावे. आता भाग हातात होते, स्पिंडल नुसता हलवला तरी डुगडुगत होता. जुने कार्बोरेटर फेकायचे की ठेवायचे, याचा निकाल माझ्या मते या एका जागेवर लागतो. सुई, जेट, पॅकिंग, फ्लोटची व्हॉल्व्ह हे सारे बदलता येते. टोपी-पिस्टन जुळत असतील आणि बॉडीला चीर नसेल, तर बूश बसवून ती आणखी तीस वर्षे चालेल. नागपाड्याच्या एका खरादीने चारही भोके सरळ मोठी करून पितळी बूश बसवले. नवे स्पिंडल, दोन ५ नंबरच्या सुया, जेट आणि लाल स्प्रिंगांची जोडी इंग्लंडहून मागवली. फ्लोटच्या व्हॉल्व्ह विटॉनच्या टोकाच्या घेतल्या, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि जुने रबर त्याला टिकत नाही.

जोडणीचा दिवस रविवार ठेवला. गॅरेज बंद, कलकलाट नाही. सुई पिस्टनमध्ये अशी बसवायची की तिचा खांदा पिस्टनच्या तळाशी सपाट यावा. मग जेट मधोमध आणायचा. नट ढिला करून पिस्टन उचलायचा आणि सोडायचा. बरोबर असेल तर तो खाली येऊन 'टक्' वाजतो. अब्बा हा टक् ऐकू शकत नव्हते. त्यांनी कार्बोरेटरच्या बॉडीवर दोन बोटे ठेवली आणि मला पिस्टन सोडायला सांगितले. चार वेळा नकारार्थी मान, पाचव्या वेळी होकार. प्रत्येक वेळी त्यांचे बोट आणि माझा कान यांचे एकमत झाले.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी टॅपेट, पॉइंट, प्लग आणि टायमिंग. हा क्रम अब्बांनी मला लहानपणी घोकायला लावला होता आणि मी तो धंद्याच्या गडबडीत उलटा केला होता. टॅपेटची फट थंड इंजिनावर पंधरा थाऊ, ती भरली. टोप्यांत वीस नंबरचे पातळ ऑइल घातले. मग इंजिन चांगले गरम होऊ दिले.

आता नळी. दोन्ही थ्रॉटलमधला जोडदांडा ढिला केला. मुलीने नळी कानाला लावली. अब्बा समोर उभे. ती पुढच्या तोंडाशी ऐके, मग मागच्या, आणि ज्याची फुस्स मोठी त्या बाजूचा हात वर करी. अब्बा तिच्या हाताकडे पाहून मला खुणावत, मी स्क्रू पाव फेरा फिरवी. अर्धा तास असे चालले. शेवटी तिने दोन्ही हात वर केले. मला खात्री वाटेना, मी नळी घेऊन स्वतः ऐकले. पोरीचा कान माझ्यापेक्षा चांगला निघाला.

राहिले मिश्रण. जेटचा नट पूर्ण वर नेऊन तिथून बारा पैलू खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे, ही अब्बांची पाठ असलेली सुरुवात. तिथून पुढे पिस्टन जरासा, मिलिमीटरहून कमी, उचलून बघायचे. फेरे वाढून वाढलेलेच राहिले तर पेट्रोल जास्त. इंजिन बसू लागले तर कमी. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आले तर बरोबर. बारावर इंजिन दोन्हीकडे बसत होते. मी आणखी एक पैलू खाली गेलो, आणखी एक. चौदाला अब्बांनी माझा हात धरला. म्हणाले, "बस. एवढे कधी लागत नाही."

मी त्यांना पाटीवर लिहून दाखवले: इथेनॉल २० टक्के. त्याला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावे लागते. त्यांनी वाचले, पटले नाही असे तोंड केले. मी पंधरापर्यंत गेलो. पिस्टन उचलला. फेरे किंचित वाढले आणि जागेवर आले. अब्बा गाडीच्या मागे गेले, वर्तमानपत्राचा तुकडा धुराच्या नळीपुढे धरला. कागद एकसारखा फडफडत होता, मधे कुठे आत ओढला जात नव्हता. तरी ते म्हणाले, "प्लग बघू, मग बोल."

दुसऱ्या दिवशी फजरनंतर डॉक्टरसाहेब आले. अब्बांना शेजारी बसवून इस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरपर्यंत आणि परत असा फेरा मारला. मी मागून मोटरसायकलवर. परत येताना सिग्नलला थांबलो तेव्हा दिसले, अब्बा डॉक्टरसाहेबांना काही विचारत होते. नंतर साहेबांनी सांगितले, अब्बा विचारत होते, "बंद पडली का?" स्लो आठशेवर इतका शांत बसला होता की त्यांना हादराही जाणवला नव्हता. साहेबांनी त्यांचा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवला.

गॅरेजमध्ये येताच अब्बांनी पाना घेऊन चारही प्लग स्वतः काढले. चारांचा रंग एकच, भाजलेल्या बिस्किटासारखा. त्यांनी पाटीवरचे माझे अक्षर पुन्हा एकदा वाचले आणि म्हणाले, "पंधरा लिहून ठेव."

वेबर त्या कुर्ल्याच्या दुकानदाराने निम्म्या भावात परत घेतला. डॉक्टरसाहेबांच्या बेगम गेल्या ईदला त्याच गाडीतून आमच्याकडे शीरखुर्म्याला आल्या.

आता दर रविवारी दुपारी अब्बा तो बिस्किटांचा डबा घेऊन बसतात. भिंगाने एकेका सुईचा आकडा वाचतात, मुलगी लहान पाकिटावर लिहिते आणि सुई आत घालून पाकीट बंद करते. वाकलेल्या वेगळ्या, ज्यांचा आकडा पुसला त्या वेगळ्या. अजून निम्मा डबा व्हायचा आहे.